तिसरी हवी आहे

९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र नोव्हेंबरचं आणि मी उत्तराला बसतेय फेब्रुवारीत, तेव्हा आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. पत्र हरवलं नव्हतं. पिशवीच्या आतल्या कप्प्यात साबणाच्या वडीशेजारी होतं, त्यामुळे आता त्याला छान वास येतो. दर आठवड्याला ते बाहेर काढायचे, 'आज लिहूच' म्हणायचे आणि मग काहीतरी निघायचं. आधी सफरचंदांच्या पेट्या भरायचं काम संपलं. मग एका म्हातारीचे कुत्रे फिरवायचं काम लागलं. त्यातला एक चालायचाच नाही. त्याला कडेवर घेऊन फिरवावं लागायचं, आणि म्हातारी खिडकीतून बघायची, मी त्याला खाली ठेवते की काय म्हणून. तो कुत्रा माझ्याहून जास्त हिंडला असेल. असो, कुत्र्याचं राहू दे.

तू लिहिलं होतंस की शर्यतीसाठी तुला तिसरी बाई हवी आहे. तुझ्याबरोबर पूर्वी ट्रॅकवर सायकल मारणारी 'मुंगी' म्हणून कुणी होती, ती या गावात लाँड्री चालवते असं तुझ्या कानावर आलंय, आणि तू फिरतेसच तर जाऊन बघ. तिसरी कशाला, ते लिहिलं नव्हतंस. तुझी पत्रं म्हणजे तारा असतात.

तर बघितलं. आहे. लाँड्री मोठी आहे, तीन हॉटेलांच्या चादरी येतात. दारावर 'मदतीला माणूस पाहिजे' अशी पाटी होती. मी विचारायला गेले मुंगीचं आणि तोंडातून निघालं, "पाटी बघून आले." बाईंनी (इथे सगळे तिला बाईच म्हणतात) माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हात वर करायला लावले आणि म्हणाल्या, "उंच आहेस. चादरी घडीला बरी पडशील." झालं. आता पंधरा दिवस होऊन गेले मी चादरींच्या घड्या घालतेय. तुझं नाव काढायचा धीर झालेला नाही. बाई एवढ्याशा आहेत, केस कापलेले, बोलतात कमी, आणि ओल्या चादरींची ट्रॉली अशी ढकलतात की आपण भिंतीला चिकटावं.

तू ही सायकल परत कधी सुरू केलीस? बाबा म्हणाले, तुझ्या आत्याला उतारवयात खाज सुटलीय. शब्द त्यांचे आहेत, मी फक्त पोचवतेय.

तुझी,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

भिंगरे,

शिव्या लिहीत नाही, पाकीट जड होतं. तुझ्या बापाला सांग, खाज आहे हे खरं, पण ती उतारवयातली नाही. सत्ताविसाव्या वर्षी सोडलं तेव्हाचीच आहे, मध्ये नुसती दबली होती.

आता तार नाही, नीट लिहिते. दिवसभर मी लॅबमध्ये कवळ्या करते हे तुला माहीत आहे. प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, घासायचे, चकाकी आणायची. संध्याकाळी मान वर केली की रस्त्यावरची माणसं जबड्याच्या आकाराची दिसतात. मग ट्रॅकवर जाते. का जाते हे विचारू नकोस, रोज जिना उतरताना मीच मला विचारते आणि उत्तर यायच्या आत खाली पोचलेली असते.

मास्टर्स म्हणजे पस्तिशीच्या पुढच्यांच्या शर्यती. पाच-पाच वर्षांचे गट असतात. माझा पंचावन्न ते एकोणसाठ. गटात निदान तिघी स्टार्टला उभ्या राहिल्या तरच त्या गटाची शर्यत होते, नाहीतर खालच्या गटात ढकलतात, पन्नाशीच्या पोरींत. हसू नकोस, माझ्यापुढे त्या पोरीच.

गेल्या वर्षी ढकललं होतं. निम्मी शर्यत व्हायच्या आत सगळ्यांनी मला एक अख्खी फेरी मागे टाकलं. असं मागे पडलेल्याला पंच हात करून खाली उतरवतात, इतरांच्या वाटेत नको म्हणून. उतरले. या सायकलला ब्रेक नसतो आणि चाक फिरतंय तोवर पायही फिरतात, त्यामुळे थांबायचं तर काहीतरी धरावं लागतं. मी आतला कठडा धरला. बूट पेडलला अडकलेले. सोडवायला कुणी आलं नाही, सगळे शर्यत बघत होते. ती संपेपर्यंत मी तशीच, सायकलवर बसून, कठड्याला लटकलेली. वाळत घातल्यासारखी.

यंदा ते करणार नाही. तिघी झाल्या तर शर्यतीत उतरेन, नाही झाल्या तर सायकल विकेन आणि संध्याकाळी घरी जाऊन पाय वर करून बसेन. रुसून नाही म्हणत. दमले. पण आपल्या वयाच्या बायकांबरोबर एक खरी शर्यत मारावी आणि मग दमावं, एवढं वाटतं.

सध्या आम्ही दोघी आहोत. मी आणि बगळी. बगळी म्हणजे उंच, मान लांब, तेव्हाही आमचं पटायचं नाही आणि आता "नळ बंद कर" एवढंच बोलणं आहे. तिला तिसरीची गरज नाही. ती खालच्या गटातही पदक घेऊन जाते. उलट आमच्या गटाची शर्यत झाली तर शेवटच्या फेरीत मी तिला गाठेन. सरावात गाठलंय आणि तिनं ते बघितलंय.

मुंगीला सांग, शर्यतीचं लायसन्स मी करते, सायकल मी आणते, जाण्यायेण्याचं माझ्याकडे. तिनं फक्त स्टार्टला उभं राहायचं. एक फेरी मारून उतरली तरी नियम पुरा होतो. नावं एप्रिलअखेर द्यायची आहेत. आणि आता साबणाशेजारी ठेवू नकोस.

आत्या


१२ मार्च

आत्या,

या वेळी लवकर लिहिलं, नोंद घे.

विचारलं. आम्ही रोलरच्या इस्त्रीवर होतो. ती म्हणजे एक तापलेला लांबच लांब रूळ असतो, दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती सरळ आत घालायची, पलीकडून कोरडी निघते. वाकडी घातली तर आयुष्यभराची सुरकुती. मी म्हटलं, "बाई, तुम्ही पूर्वी सायकल चालवायच्या ना?"

"सायकल सगळेच चालवतात. कोपरा सरळ धर."

"ट्रॅकवर."

एक चादर गेली. दुसरी गेली.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या आत्यानं." आणि तू कोण ते सांगितलं.

"तिची भाची होय," बाई म्हणाल्या. "तरीच कोपरा वाकडा धरतेस."

मग मी सगळं सांगितलं, तुझ्याच शब्दांत, मधे माझं काही घुसडलं नाही. फक्त उभं राहायचं, एक फेरी, उतरायचं. बाईंनी अख्खी ट्रॉली संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. शेवटच्या चादरीला म्हणाल्या, "बघू."

बघू म्हणाल्या, आत्या. मी तर धरूनच चालले होते की मला कामावरून काढतील. तेव्हा तू लायसन्सचं बघायला घे.

बाकी बरं आहे. परवा हॉटेलच्या उशीच्या अभ्र्यात खालची कवळी निघाली. तुझी फार आठवण आली. हॉटेलला फोन केला तर तिथला म्हणतो, आमच्याकडे आजवर कुणी दात मागायला आलं नाही. ती आता खिडकीत ठेवलीय, लाँड्रीत येणारे सगळे तिच्याकडे बघून तोंड मिटतात. मागच्या खोलीतला जुना ड्रायर मात्र बिघडलाय. आम्ही जेवायला बसलो की रोज घूंऽ सुरू होतो. बाई स्वतः आत जाऊन बघतात, आम्हाला येऊ देत नाहीत, शॉक बसेल म्हणतात. कोपरा वाकडा झाला तर जीव घेणारी बाई असला खटारा का सांभाळते कोण जाणे. मी असते तर भंगारात दिला असता. मी एकदा भंगाराच्या दुकानातही काम केलंय, ते तुला सांगितलं होतं का? ते पुढच्या वेळी.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

'बघू' म्हणजे नाही. तुझ्या वयात मीही त्याला हो समजायचे. बँकेतला म्हणतो बघू, घरमालक म्हणतो बघू, मला बघायला आलेले तर सगळेच 'बघू' म्हणून गेले, आणि अजून बघताहेत.

पण साधं नाही म्हणायला तिला अख्खी ट्रॉली लागली, हे डोक्यातून जात नाही.

इथे लॅबमध्ये एकजण रजेवर गेलीय, तिचेही जबडे माझ्याच टेबलावर. काल ट्रॅकवरून उतरले, बाकावर बसून एक बूट काढला आणि दुसरा काढायच्या आधी झोपले. बसल्या बसल्या. बगळीनं पायानं पाय हलवून उठवलं. "ऊठ. कुलूप लावतायत." वर्षभरातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य. मी म्हटलं, "तू का थांबलीस?" तर म्हणाली, "तू माझ्या पिशवीला टेकली आहेस."

गुडघ्याचं लिहीत नाही. गुडघा आहे, एवढंच.

अजून एकदा विचार. एकदाच. तिला त्रास होईल असं नको. पण विचार.

आत्या


७ एप्रिल

आत्या,

उशीर झाला, पण या वेळी आळसानं नाही. कसं लिहावं तेच सुचत नव्हतं.

गेल्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली. सगळी लाँड्री गप्प झाली, मशीनं, पंखे, रेडिओ, सगळं. आम्ही डबे उघडून बसलो होतो. आणि मागच्या खोलीतला ड्रायर चालूच. घूंऽ. मी घास हातात धरून बसले. वीज नाही आणि ड्रायर चाललाय. बरोबरच्या दोघी जेवत राहिल्या. त्या इथे वर्षानुवर्षं आहेत, त्यांना ठाऊक होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

मी उठून दार लोटलं. आत अंधार, गरम हवा, दोऱ्यांवर चादरी. त्यांच्या मागे जमिनीवर एक चौकट, चौकटीत तीन रूळ, आणि रुळांवर बाई सायकल चालवत होत्या. जागच्या जागी. तुझ्या सायकलीसारखीच, ब्रेक नसलेली. रूळ फिरत होते, त्यांचाच तो आवाज.

"दार लाव," म्हणाल्या. पाय थांबवले नाहीत.

मी लावलं, आत राहून. "रोज चालवता?"

"डबा खायला किती वेळ लागतो? उरलेल्या वेळात काय करू?"

"किती वर्षं झाली?"

"लाँड्री घेतली त्याच्या आधीपासून."

"मग आत्याला हो का नाही म्हणत?"

त्यांनी हळूहळू पाय सैल केले, भिंतीला हात लावला, थांबल्या. टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाल्या, "तुझ्या आत्यानं काय विचारलंय, परत सांग."

सांगितलं.

"ऐकलंस ना तू स्वतः? शर्यतीला येतेस का, असं विचारलं का तिनं? उभी राहशील का, विचारलं. पत्त्यांच्या डावाला गडी कमी पडला की शेजाऱ्याला हाक मारतात, तसं. तो कसा खेळतो याच्याशी कुणाला काय करायचंय."

मी म्हटलं, "तिला तसं म्हणायचं नसेल."

"नसेल. तेव्हाही कुणाला काही म्हणायचं नसायचं. तुझी आत्या आणि बगळी, या दोघींत पहिली कोण, यावर भांडणं व्हायची. तिसरी कोण ते सगळ्यांना आधीच माहीत. बक्षीस द्यायला आलेला पाहुणा पहिलीचा हात हलवायचा, दुसरीचा हलवायचा आणि माझ्यापाशी आला की घड्याळ बघायचा." हे रागानं नाही म्हणाल्या, आत्या. चादरींचा हिशेब सांगावा तसं म्हणाल्या. "तिला सांग, नुसतं उभं राहायला मी येत नाही. उभं राहायचं काम मला इथे सकाळपासून आहे."

वीज आली. आम्ही बाहेर आलो.

मला सायकलीतलं कळत नाही. पण ती बाई जोरात होती. दोऱ्यांवरच्या चादरी तिच्या वाऱ्यानं हलत होत्या.

भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरे,

पत्र लॅबमध्ये उघडलं, आणि मेण हातात गार होऊन गेलं.

खरं आहे तिचं. ती यायची बंद झाली हेही आम्हाला पुढच्या मोसमात कळलं. मला वाटत होतं मी फार थोडं मागतेय, म्हणजे तिला जड जाणार नाही. थोडं मागितलं हेच लागलं तिला.

आता तू म्हणशील, मग नीट विचार, शर्यतीला ये म्हण. दोन दिवस तेच लिहायला घेतलं आणि फाडलं. आता शब्द बदलून विचारलं तर तिला वाटेल, गरज अजून आहे म्हणून शब्द बदलले. आणि ते खोटं नसेल. मला तिसरी हवीच आहे. तेव्हा माझ्या तोंडून ते निघणं आता शक्य नाही. काही गोष्टी एकदाच विचारता येतात आणि मी त्या वेळी नियम वाचून विचारलं.

बगळीला सांगून टाकलं, आपल्या गटाची शर्यत होत नाही, मी नाव देत नाही. ती बूट बांधत होती. "का?" मग मुंगीचं सगळं सांगितलं, गावाचं, लाँड्रीचं, रुळांचं, पाहुण्याचं, घड्याळाचं. ती बूट बांधतच राहिली. मग म्हणाली, "तुझी भाची तिथे काय करते?" म्हटलं, "चादरींच्या घड्या." "हं," म्हणाली आणि ट्रॅकवर गेली. तिचं काय जातंय. यंदाही खालच्या गटात पदक घेईल, आणि मागून गाठायला मी नसेन.

सायकलला गिऱ्हाईक मिळालंय. क्लबातला नवीन माणूस आहे, महिनाअखेरच्या रविवारी न्यायला येतो. त्याला उंची जमते. सीट मात्र बदलीन म्हणाला, ते ऐकून उगाच वाईट वाटलं. बाकी काही नाही. रडायलाही ताकद लागते, ती सध्या जबड्यांत चाललीय.

तू माझ्यासाठी तिथे अडकून बसू नकोस. पाय खाजत असतील तर नीघ. बाईंना माझा नमस्कार सांग, नुसता नमस्कार, त्याच्यापुढे काही जोडू नकोस.

आत्या


२३ एप्रिल

आत्या,

नमस्कार सांगितला. बाई म्हणाल्या, "बरं." मी थोडा वेळ थांबले, आणखी काही म्हणतील म्हणून. म्हणाल्या, "कोपरा."

मी परवा निघतेय. कुठे ते ठरलेलं नाही. मिठागरांकडे माणसं लागतात असं एक ट्रकवाला सांगत होता, पण तोच मागे म्हणाला होता की समुद्राचं पाणी उकळलं की गोड होतं, तेव्हा त्याच्यावर किती विसंबायचं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, जातेस तर जा, पण आधी हॉटेलच्या चादरी काढून जा. खरं सांगू, पहिल्यांदाच एखादी जागा सोडताना पाऊल जड झालंय. इथे राहायचंय असंही नाही. एक काम घेऊन आले होते आणि ते माझ्या हातून वाकडं आत गेलं. तू सांगितलंस तेच मी सांगितलं हे खरं, पण सांगताना जरा डोकं चालवलं असतं तर 'उभं राहायचं' हे दोन शब्द गिळता आले असते. पत्र पोचवणारी आणि

आत्या, थांब. हे मी इस्त्रीच्या टेबलावर लिहीत होते, पाच मिनिटांपूर्वी.

शटर अर्धं खाली होतं. त्याखालून एक उंच बाई वाकून आत आली. अंगावरचे सगळे कपडे प्रवासानं चुरगळलेले, खांद्याला पिशवी. मला वाटलं हॉटेलची तपासणीवाली. तिनं विचारलं, "मुंगी कुठे आहे?" इथे ते नाव माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून बरोबरच्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिच्या मानेकडे बघितलं आणि ओळखलं.

बाई मागून ट्रॉली घेऊन आल्या. थांबल्या.

"कोण?"

"ओळखलं नाहीस?"

"तोंडावरून नाही," बाई म्हणाल्या. "तोंड कधी बघायला मिळालं? वळ जरा."

आणि ती वळली. एवढी मोठी बाई, शाळेत शिक्षा केल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी तिच्या पाठीकडे बघितलं. मान, खांदे, जरा खाली.

"हं," म्हणाल्या. "बगळी. डावा खांदा अजून पाडतेस."

बगळी वळली नाही. भिंतीलाच म्हणाली, "यंदा आपल्या गटाची शर्यत झाली तर ती मला शेवटच्या फेरीत खाणार. ते मला माहीत आहे. तू काय करशील ते माहीत नाही. पाच वर्षं मागे होतीस, मी एकदाही वळून बघितलं नाही. म्हणून आले."

बाई गेल्या आणि त्यांनी रोलरची इस्त्री बंद केली. भर दुपारी, अर्धी ट्रॉली शिल्लक असताना. मी आल्यापासून त्यांनी हे कधी केलेलं नाही. आता त्या मला विचारताहेत, नावं द्यायची शेवटची तारीख कोणती म्हणून.

बगळी अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहे, तिला वळ म्हणायचं कुणाला सुचलेलं नाही. मी हे टाकायला पळते. त्या माणसाला सायकल देऊ नकोस.

भिंगरी